बंदिवान सापाची ऊब



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी काही ऐकण्याची असणार. आम्ही सांगितले, ‘पाळलेल्या सापाच्या पेटीला ऊब कशी द्यावी.’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग चिटणीसांनी अदबीने विचारले, ‘हे रूपक आहे का?’ आम्ही म्हटले, रूपक नव्हे. खराखुरा साप, खरीखुरी पेटी आणि खराखुरा हीटर. त्यांनी विषय मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहो.

कामगार चळवळीतल्या माणसाचा आणि सापाचा संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. विजेची तापसाधने बनवणाऱ्या कारखान्यांत आम्ही गेली अनेक वर्षे संघटनेचे काम करीत आहो. हीटरची तार गुंडाळणारे, थर्मोस्टॅट जुळवणारे, तयार माल तपासणारे हे आमचे सभासद. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिले नाही. जे शिकलो ते या लोकांच्या हाताखाली आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा इंग्लंडात लेस्टर येथे नोकरीला आहे. त्याने तिथे एक बॉल पायथन पाळला आहे. हा आफ्रिकेतला एक लहानखुरा अजगर. भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. त्या मुलाचा निरोप आला, ‘काका, बाबांनी जन्मभर हीटर बनवले. त्यांना आणि तुम्हांला विचारतो. इथे थंडी सुरू झाली आहे. सापासाठी गरम चटई घेऊ, दिवा घेऊ, की सिरॅमिकचा हीटर घेऊ? दुकानदार प्रत्येक वेळी वेगळे सांगतो.’

प्रश्न साधा होता, पण उत्तर देण्यासाठी आम्हांला बरेच वाचावे लागले. वाचता वाचता असे दिसले की, कोणते साधन घ्यावे हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न निराळाच आहे. ऊब कमीजास्त करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा तो पहिला प्रश्न. त्याचे उत्तर नीट दिले तर दुसऱ्याचे उत्तर आपोआप सापडते. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. आता ते पायरीपायरीने पाहू.

सापाला आपण थंड रक्ताचा प्राणी म्हणतो. हा शब्द फसवा आहे. उन्हात पडलेल्या सापाचे रक्त आपल्या रक्ताइतके गरम असू शकते. फरक आहे तो ऊब कोठून येते याचा. आपण खाल्लेल्या भाकरीतून आपली भट्टी चालवतो. साप आपली ऊब बाहेरून, उन्हातून, तापलेल्या दगडातून, जमिनीतून घेतो. त्यात त्याची मोठी काटकसर आहे. आपल्याला दोन वेळा जेवावे लागते. त्याला आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा पुरते. पण या काटकसरीची एक अट आहे. ऊब मिळाली नाही तर खाल्लेले अन्न पचत नाही. पोटात गिळलेला उंदीर थंडीत तसाच राहिला तर तो कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. सापाला हिंडणे, पचवणे, कात टाकणे, आजाराशी झगडणे, या प्रत्येक कामासाठी बाहेरची ऊब लागते.

मग त्याला एकच योग्य तापमान ठरवून द्यावे आणि पेटी सगळीकडून तेवढीच गरम ठेवावी, असे कोणालाही वाटेल. इथेच शास्त्राने आपले डोळे उघडले. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करून १९४४ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून, अंग पसरून किंवा आखडून, वाळूत शिरून आपले तापमान दिवसभर एका ठरावीक मर्यादेत राखतात. म्हणजे ते हवेचे गुलाम नाहीत. त्यांची भट्टी बाहेर आहे, पण तिची कळ त्यांच्या चालीत आहे. आणि त्याच प्राण्याला उन्हात बांधून ठेवले, सावलीकडे जाण्याची वाट बंद केली, तर वाळवंटात जन्मलेला तो प्राणी थोड्याच वेळात उन्हानेच मरतो. वाळवंटातला साप उन्हाने मरतो, हे ऐकून आम्ही चकित झालो. पण विचार केला तर त्यात आश्चर्य नाही. ऊन त्याचा शत्रू नव्हे. वाट बंद होणे हा शत्रू.

याच्या पुढची पायरी मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ आणि १९७५ साली दाखवली. त्यांचे प्रयोग सापावर नव्हे, वाळवंटी इग्वाना नावाच्या सरड्यावर होते. रोगाचे जंतू टोचलेल्या सरड्यांना गरम आणि गार अशा दोन्ही जागा दिल्या, तेव्हा ते नेहमीपेक्षा अधिक गरम जागी राहू लागले. आपल्याला ताप येतो, तसा त्यांनी चालत जाऊन ताप आणला! आणि ज्यांना अधिक ऊब मिळाली त्यांच्यातले अधिक जगले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. निरोगी प्राण्याला आज जे तापमान योग्य, ते उद्या तो आजारी पडल्यावर योग्य नसते. जेवल्यावर एक, उपाशी असताना दुसरे. अंडी पोटात असताना तिसरे. पुस्तकात बघून एकच आकडा ठरवणाऱ्याला हे कळणार कसे? ते ज्याचे अंग त्यालाच कळते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ही गोष्ट त्याआधीच ओळखली गेली होती. तिथे १९२३ सालापासून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख जोन प्रॉक्टर ही बाई होती. प्रकृती जन्मभर नाजूक, आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे; १९३१ साली ती वारली. पण तिने आखलेले सर्पगृह १९२७ साली उघडले, त्यात विजेच्या साह्याने निरनिराळ्या भागांना निरनिराळी ऊब देण्याची सोय होती आणि सूर्यकिरणांतला उपयोगी भाग आत येऊ देणारी खास काच होती. प्राण्याने काय करावे हे ठरवण्याआधी त्याला काय लागते हे तिने पाहिले. दुखणाईत माणसाला दुसऱ्याच्या गरजा अधिक कळतात की काय, कोण जाणे.

आता आपल्या बॉल पायथनकडे येऊ. त्याचे मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, घाना, टोगो, बेनिन या देशांच्या मुलखात. दिवसा तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो, रात्री बाहेर पडतो. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांनी त्याला अंधारातही उष्णता जाणवते. पेटीत ठेवलेल्या अशा सापाला एका टोकाला साधारण ३२ ते ३३ अंश सेल्सिअसची उबदार जागा आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंशांची गार जागा लागते. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक हा आपल्या धामणीच्या कुळातला साप. त्याला उबदार टोक साधारण ३० अंशांचे आणि गार टोक २२-२४ अंशांचे पुरते. लेस्टरच्या घरात हिवाळ्याच्या रात्री खोलीतली हवा १५-१६ अंशांवर उतरते. तेव्हा हीटरवाचून चालणार नाही, हे उघड आहे. आता बाजारात मिळणारी साधने एकेक तपासू.

पहिले साधन गरम दगड. सिमेंटसारख्या पदार्थाच्या कृत्रिम दगडात विजेची तार बसवलेली असते. अमेरिकेतल्या दुकानांत एके काळी हा सर्रास विकला जाई, अजूनही मिळतो. हा घेऊ नये. तार सगळीकडे सारखी तापत नाही. एखादा ठिपका भलताच गरम होतो. आणि इथे सापाच्या स्वभावातला एक धोका आहे. भोवतालची हवा गार असली की साप गरम वस्तूवर पोट टेकून पडून राहतो आणि कातडी भाजली तरी पुष्कळदा उठत नाही. पोटावरचे खवले जळून आत जखम झालेले साप ही पशुवैद्यांना परिचित गोष्ट आहे. असे का होते याचे एक स्पष्टीकरण असे की, निसर्गात त्याला मोठी ऊब मिळते ती वरून. पोटाखालची जमीन एकाएकी चटका देईल अशी परिस्थिती त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

दुसरे साधन गरम चटई, म्हणजे हीट मॅट. प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये तापणारी पट्टी. ७ वॅटपासून २०-३० वॅटपर्यंत ती मिळते. स्वस्त आणि वीज थोडी खाणारी; २० वॅटची चटई दिवसरात्र चालली तरी अर्ध्या युनिटच्या आत काम. पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. ती टेकलेल्या पोटाला ऊब देते, पेटीतली हवा फारशी तापवत नाही. लाकडी पेटीच्या खाली लावली तर लाकूडच ऊब अडवते. काचेच्या पेटीखाली लावली आणि वर भुश्याचा चार बोटे जाड थर घातला, तर वरचा भाग गार आणि खालची काच तापलेली, अशी स्थिती होते. बिळात शिरण्याची सवय असलेला साप उकरत खाली गेला की थेट काचेवर पोचतो. म्हणून चटईवर थर पातळ असावा, चटईने तळाचा तिसरा हिस्सा एवढाच भाग व्यापावा आणि थर्मोस्टॅटवाचून ती कधीही लावू नये.

तिसरे साधन सिरॅमिक हीटर. दिव्यासारखा होल्डरात बसतो, पण उजेड देत नाही, म्हणून रात्री उपयोगी. हवा चांगली तापवतो. मात्र त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो. प्लॅस्टिकचा होल्डर त्यापुढे टिकत नाही, चिनीमातीचाच हवा. भोवती जाळीचा पिंजरा हवाच. नाहीतर साप त्याला वेटोळे घालतो आणि पुढचे आम्ही वर्णन करीत नाही. शिवाय हा हवा कोरडी करतो. बॉल पायथनला दमट हवा लागते. ती न मिळाल्यास कात एकसंध न उतरता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवर तिचे पापुद्रे अडकतात.

चौथे साधन हॅलोजनचा दिवा. हा उजेड आणि ऊब दोन्ही देतो आणि ती वरून देतो, सूर्यासारखी. उष्णतेचे किरण सगळे एकजातीचे नसतात. तापलेल्या दिव्यातून आखूड लांबीचे जे किरण निघतात ते कातडीच्या आत काही मिलिमीटर शिरतात. सिरॅमिकमधून आणि चटईतून निघणारे लांब किरण कातडीच्या वरच्या थरातच अडतात. पहिल्याने अंग आतून ऊबते, दुसऱ्याने वरून तापते. शेकोटीजवळ बसून पाठ भाजते आणि हाडे गारच राहतात, हा अनुभव थंडीत रात्रपाळी केलेल्या प्रत्येकाला आहे. कोवळ्या उन्हात बसल्यावर तसे होत नाही. दिव्यालाही पिंजरा हवा आणि अंतराचे भान हवे. दिवा निम्म्या अंतरावर आणला तर ऊब दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होते. रात्री मात्र तो विझवला पाहिजे, कारण सापालाही रात्र लागते.

पाचवे साधन छताला आतून लावायचे पसरट पॅनेल. ते मोठ्या पृष्ठभागावर मध्यम तापते, उजेड देत नाही, सिरॅमिकइतके चटके देत नाही. किंमत अधिक, पण मोठ्या पेटीला आणि लांब हिवाळ्याला चांगले.

श्रोतेहो, दुकानदार इथे थांबतो. पण आमचे सभासद म्हणाले, ‘हीटर ही अर्धीच गोष्ट. त्याला लगाम कोणता, ते सांगा.’ तो लगाम म्हणजे थर्मोस्टॅट. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला नुसता चालू-बंद करणारा. तो चटईला ठीक. दुसरा विजेचे लहान लहान झटके देऊन सरासरी राखणारा. तो सिरॅमिकला आणि पॅनेलला योग्य. तिसरा दिवा मंद-तेज करणारा. हॅलोजनला तोच लावावा, कारण चालू-बंद करणाऱ्याने दिवा सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो. वीस रुपयांच्या वस्तूला दोनशे रुपयांचा पहारेकरी कशाला, असे म्हणणारे मालक आम्ही कारखान्यांतही पाहिले आहेत. पहारेकऱ्याची किंमत वस्तूवरून नव्हे, होणाऱ्या हानीवरून मोजायची असते.

आणि थर्मोस्टॅट घेऊनही काम संपत नाही. त्याचे टोक कोठे ठेवले आहे हे पाहावे लागते. आमच्या उमेदीच्या काळात एका कापडगिरणीच्या साचेखात्यात उकाड्याची तक्रार होती. व्यवस्थापक आम्हांला तापमापकापाशी घेऊन गेले. पारा अगदी शहाण्यासारखा वागत होता. तापमापक दाराशेजारी, वाऱ्याच्या वाटेवर टांगलेला! साचे मधोमध, माणसे मधोमध आणि तापमापक दारात. आम्ही एवढीच मागणी केली की, तो माणूस जिथे उभा राहतो तिथे टांगा. पुढच्या दोन दिवसांत पंखे आले. १९४८ च्या कारखाने-कायद्याने खात्यातले तापमान कामगाराला सोसवेल असे ठेवण्याचे बंधन घातले होते. पण तापमापक चुकीच्या जागी टांगला तर ते बंधन कागदावरच राहते. तेच सापाच्या पेटीत. चटई असेल तर थर्मोस्टॅटचे टोक चटईच्या वर, सापाचे पोट जिथे टेकते त्या जागी घट्ट बसवावे. दिवा असेल तर उबेच्या जागी. आणि दोन वेगळे तापमापक दोन टोकांना लावावेत. काचेला बाहेरून चिकटवलेला गोल डायल काचेचे तापमान सांगतो, सापाचे नव्हे.

आमच्या जुळणीखात्यातल्या एका बाईंनी याहून मोलाची सूचना केली. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, थर्मोस्टॅट एक ना एक दिवस बिघडणारच. तो बिघडला की हीटर पूर्ण ताकदीने चालतो. तेव्हा काय होईल ते आज मोजा.’ बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो याचसाठी. म्हणून हीटर गरजेहून मोठा घेऊ नये. कडाक्याच्या थंडीच्या रात्री पूर्ण चालून जेमतेम हवे ते तापमान गाठील एवढ्याच वॅटचा घ्यावा. मग लगाम तुटला तरी घोडा दरीत जात नाही. जिथे ६० वॅट पुरतात तिथे १५० वॅट लावून थर्मोस्टॅटवर विसंबणे म्हणजे सापाचा जीव एका लहानशा स्विचवर टांगणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. एक टोक उबदार, एक टोक गार, म्हणजे सापाला निवड मिळाली, असे वाटते. पण त्या पेटीत लपायची जागा एकच असेल आणि ती गार टोकाला असेल तर? बॉल पायथन उघड्यावर पडायला भितो. मग तो लपून राहतो आणि गारठतो. किंवा ऊब घ्यायला जातो आणि भीतीत राहतो. पोट की जीव, एवढीच त्याची निवड. पुष्कळ कामगारांनाही निवड अशीच देतात. धोक्याचे काम कर किंवा घरी बस, तुझी मर्जी! याला आम्ही निवड म्हणत नाही. म्हणून दोन्ही टोकांना सारखी, अंगाला घट्ट बसणारी लपायची जागा हवी. साधी उलटी कुंडी चालते. तेव्हाच साप उबेसाठी ऊब निवडील आणि गारव्यासाठी गारवा.

त्याच कारणाने पेटी पुरेशी मोठी हवी. हातभर डब्यात दोन तापमाने मावत नाहीत. हीटर कोणताही लावा, सगळा डबा एकच होतो. साप पूर्ण लांब होऊन पसरू शकेल एवढी लांबी पेटीला असावी. अमेरिकेत आणि युरोपात साप पैदा करून विकणारे मोठे व्यापारी मात्र त्यांना कपाटाच्या खणांसारख्या उथळ डब्यांत ठेवतात. मागच्या बाजूने एक तापणारी पट्टी फिरवली की शेकडो खण एका थर्मोस्टॅटवर चालतात. या व्यापाऱ्यांचे म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, ‘साप अरुंद जागेतच निर्धास्त असतो. आमचे साप खातात, वाढतात, अंडी घालतात. आणखी काय पाहिजे?’ अरुंद जागेची आवड खरी आहे. पण बिळाला दार असते, खणाला नसते. आणि अंडी घातली म्हणजे सुख झाले, हा पुरावा आम्हांला मान्य नाही. उत्पादन वाढले, तेव्हा कामगार सुखी असलाच पाहिजे, हा युक्तिवाद आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकला आहे की तो सापाच्या बाबतीतही ओळखू येतो.

इंग्लंडचा २००६ सालचा प्राणिकल्याण कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्या प्राण्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी आहे. योग्य परिसर आणि स्वभावानुसार वागण्याची मुभा या त्या गरजांत धरल्या आहेत. सापाला ओरडता येत नाही, दार ठोठावता येत नाही, अर्ज करता येत नाही. तो गप्प आहे म्हणून ठीक आहे, असे समजणे हा मालकवर्गाचा जुना रोग आहे. म्हणून त्याच्या वतीने पाहणी करणारा कोणी तरी पाहिजे आणि तो पाळणाऱ्यानेच आपल्यातून काढला पाहिजे. साप सदा उबदार टोकालाच चिकटून असेल तर पेटी गार आहे. सदा गार टोकालाच असेल किंवा पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल तर पेटी बहुधा फार गरम आहे. कधी इथे, कधी तिथे दिसला तर समजावे की पेटीत सगळे ठीक चालले आहे.

लेस्टरच्या त्या मुलाला आम्ही आणि त्याच्या वडिलांनी मिळून असा सल्ला दिला: पेटी चार फूट लांब घे. दिवसा एका टोकाला वरून हॅलोजनचा दिवा, पिंजऱ्यासह, मंद-तेज करणाऱ्या थर्मोस्टॅटवर. रात्री दिवा बंद. पेटीतली हवा २२-२३ अंशांच्या खाली जाऊ नये म्हणून पॅनेल किंवा लहान सिरॅमिक, त्याचा थर्मोस्टॅट निराळा. चटई आधीच घेतली असशील तर आधाराला ठेव, एकटीवर विसंबू नकोस. गरम दगड कोणी फुकट दिला तरी नको. दोन लपणी, दोन तापमापक, पाण्याचे मोठे भांडे. साप आणण्याआधी आठ दिवस पेटी रिकामी चालवून दिवसरात्र आकडे लिही. त्याने उलट कळवले, ‘काका, साप तर आलेला आहे.’ तेव्हा त्याच्या वडिलांनी फोन घेतला आणि म्हणाले, ‘मग आज रात्रीच लिहायला बस.’

आता शेवटची गोष्ट. ही माहिती ऐकून आपल्यापैकी कोणा तरुणाच्या मनात साप पाळण्याची हौस उपजली असेल, तर त्याने आधी कायदा पाहावा. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची सरकारकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. बॉल पायथन त्या यादीत आहे. तरीही चोरटा व्यापार चालतो. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. चार हजार वर्षे नागाची पूजा केली असे म्हणणाऱ्या समाजाच्या दारात ही आयात होते. पुड्यात दाबलेल्या त्या सापाला ना गरम टोक, ना गार टोक. हीटर निवडण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. अशा व्यापारातला साप विकत घेऊन त्याला उत्तम दिवा लावणाऱ्याने आपण दयाळू आहो असे समजू नये.

आमचे म्हणणे संपले. ज्याला आपण कोंडले त्याची कळ आपल्या हाती आली. ती आपण कितीही प्रेमाने फिरवली तरी त्याच्या अंगातले आपल्याला कळत नाही. म्हणून साधन असे निवडावे, जागा अशी मांडावी आणि लगाम असा बसवावा की, त्या कळीचा जितका भाग त्याच्या स्वतःच्या चालण्यात परत देता येईल तितका द्यावा. जिथे तो देता येत नसेल तिथे कोंडूच नये. सापाच्या बाबतीत एवढे पटले, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.